अंबरनाथ : वाट पाहण्याचे चार दिवस

कल्याणाहून कर्जतच्या बाजूस निघालेल्या लोकल गाडींत बसलें म्हणजे विठ्ठलवाडी व उल्हासनगर मागें टाकून तिसरें स्टेशन येतें तें अंबरनाथ. रोज या मार्गानें जाणाऱ्यायेणाऱ्या बहुतेकांना हें नांव कारखान्यांमुळें, नाहीं तर नव्या इमारतींतील घरांच्या किंमतींमुळें ठाऊक असतें. या गजबजाटांतच, स्टेशनापासून पूर्वेस सुमारें दोन किलोमीटरांवर, वालधुनी नदीच्या कांठीं साडेनऊशें वर्षांहून जुनें असें शिवमंदिर उभें आहे, ही गोष्ट अगदीं जवळ राहणाऱ्यांच्याहि कित्येकदां लक्षांत नसते. दूरचीं तीर्थें आपण तिकिटें काढून पाहावयास जातों. दाराशीं असलेलें मात्र ‘कधीं तरी जाऊं’ या सदरांत पडून राहतें. प्रकृतीच्या बाबतींतहि आपल्या घरांतील बायकांची रीत हीच आहे. तेव्हां या लेखांत मंदिराबरोबर दुसरी एक गोष्टहि येणार आहे, हें आरंभींच सांगून ठेवतें.

स्टेशनावरून रिक्षा थोड्याच वेळांत मंदिरापाशीं आणून सोडते. वाट बाजारांतून व दाट वस्तींतून जाते. महाशिवरात्रीस येथें मोठी जत्रा भरते व दर्शनाची रांग दूरवर लांबते. एऱ्हवीं सोमवार सोडला तर आवारांत पुष्कळशी शांतता असते. नदीचें वर्णन करतांना मात्र लेखणी अडखळते. कारखान्यांचें व वस्त्यांचें सांडपाणी वर्षानुवर्षें पोटांत घेऊन ही लहानशी नदी काळवंडली आहे. वारा त्या बाजूचा असला तर पदर नाकाशीं न्यावा लागतो. ज्या राजांनीं हा कांठ देवळासाठीं निवडला, त्यांना तो असा दिसला नसेल खास.

देऊळ काळ्या पाषाणाचें व पश्चिमाभिमुख आहे. त्याच्या भिंती सरळ नाहींत. त्या कोनाकोनांनीं आंतबाहेर वळत गेल्या आहेत, त्यामुळें ऊन कोठल्याहि बाजूनें येवो, निम्मी भिंत उजेडांत व निम्मी सावलींत राहते. खालच्या थरांत हत्तींच्या रांगा आहेत, आणि वरती देव, देवी व नर्तकी यांच्या मूर्ति. कित्येकांचे हात गेले आहेत, कित्येकांचीं तोंडें झिजलीं आहेत. तरी उभें राहण्याची ऐट अजून गेलेली नाहीं. शिखराच्या अंगावर लहान लहान शिखरांच्या ओळी एकीवर एक चढत जातात. या धाटणीस शिल्पशास्त्रांत ‘भूमिज’ असें नांव आहे. लोक या देवळास सरसहा हेमाडपंती म्हणतात. परंतु हेमाडपंत झाला तो देवगिरीच्या यादवांच्या काळीं, तेराव्या शतकांत, आणि हें देऊळ त्याच्या आधीं दोनशें वर्षें उभें होतें. दुसरी आख्यायिका अशी कीं, पांडवांनीं वनवासांत तें एका रात्रींत बांधलें व उजाडल्यामुळें शिखर अर्धवट राहिलें. शिखराला आज माथा नाहीं हें खरें; कथा मात्र कथाच.

खरी हकीकत देवळानेंच लिहून ठेविली आहे. उत्तरेकडील दाराच्या आंतल्या बाजूस, वरच्या तुळईवर, एक झिजलेला शिलालेख आहे. शके ९८२, श्रावण शुद्ध नवमी, शुक्रवार, म्हणजे इसवी सन १०६०, हा त्याचा काळ. उत्तर कोंकणच्या शिलाहार राजांपैकीं मुम्मुणि, ज्याला लेखांत मांवाणि म्हटलें आहे, त्याच्या कारकीर्दींतला हा लेख. आणि त्याचा वडील भाऊ छित्तराज याचेंहि नांव त्यांत येतें. थोरल्यानें काढलेलें काम धाकट्यानें तडीस नेलें, असें विद्वान् मानतात.

हा लेख आरंभीं वाचून प्रसिद्ध करणारे गृहस्थ होते डॉ. भाऊ दाजी लाड. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांतून १८५१ सालीं बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीपैकीं ते एक. धंद्यानें डॉक्टर आणि आवडीनें प्राचीन लेखांचे अभ्यासक. त्यांनीं शकाचा पहिला अंक सात असा वाचला, व त्यामुळें देऊळ शके ७८२ चें ठरलें. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तोच लेख पुन्हां बारकाईनें तपासला, व तो अंक नऊ असल्याचें दाखवून दिलें. एका झिजलेल्या अंकानें दोनशें वर्षांचा फरक पडला होता.

गेल्या मार्गशीर्षांत मी या दाराशीं उभी राहिलें, तेव्हां देवळाच्या वयाची चिंता माझ्या मनांत नव्हती. त्याच्या दोनच दिवस आधीं, गुरुवारीं सकाळीं, स्नानाचे वेळीं डाव्या स्तनांत हाताला एक गांठ लागली होती. बोराच्या आठळीएवढी, दुखत नव्हती, हलवली तर किंचित् सरकत होती. डॉक्टरीणबाईंची वेळ मिळाली ती सोमवारची, सकाळीं दहाची. मधले चार दिवस काढावयाचे होते. हा अवयव नांवानिशीं लिहिल्याबद्दल कोणी भुंवया उंचावतील. पण ज्याच्यावर घरांतील प्रत्येक मूल वाढलें त्याचें नांव घेण्यास लाजावें, आणि त्या लाजेपायीं दुखणें वाढूं द्यावें, यांत मर्यादा ती कसली?

रोग असलाच तर तो शरीराच्या एका कोपऱ्यांत असतो. त्याची शंका मात्र घरभर फिरते. पोळी लाटतांना, देवाजवळ निरांजन लावतांना, मुलाचें प्रगतिपुस्तक हातांत असतां मन एकाएकीं हिशेब करूं लागतें : याची दहावी व्हावयास अजून दोन वर्षें आहेत. हात आपोआप गांठीकडे जातो. तीच गांठ सकाळीं लहान वाटते, दुपारीं मोठी आणि रात्रीं दगडासारखी. सारें घर निजल्यावर फोनचा उजेड तोंडावर घेऊन वाचीत बसावें, तर एका पानानें धीर द्यावा आणि पुढच्यानें तो काढून घ्यावा.

एकत्र कुटुंबांत कोणतीहि गोष्ट फार वेळ लपत नाहीं. पहिल्या दिवशीं मीं ती फक्त वहिनींना, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंना, सांगितली. दुसऱ्या दिवशीं सासूबाईंना कळली. “दुखत नाहीं ना? मग कांहीं नाहीं,” असें म्हणून त्यांनीं माझ्या पाठीवर हात फिरविला. आत्याबाईंचा पुण्याहून फोन आला, “सुई मात्र टोंचूं देऊं नकोस हो, सुईनें तें पसरतें.” शेजारच्या काकूंनीं लेप सुचविला. प्रत्येकीचें बोलणें मायेचें होतें, आणि प्रत्येकीच्या मायेनें भय थोडें थोडें वाढत होतें.

शनिवारीं दुपारीं जेवणें आटोपल्यावर वहिनी म्हणाल्या, “ऊठ, साडी बदल. अंबरनाथला जाऊन येऊं.”

“नवस बोलायला?” मीं विचारलें.

“नवस कसला? सोमवारीं तपासायचें तें डॉक्टरीणबाई तपासतील. तोंपर्यंत तूं घरांत बसून त्या गांठीला शंभर वेळां हात लावणार. त्यापेक्षां देवळावरचे हत्ती मोज.”

आणि आम्हीं ते खरोखरच मोजले. एका कोपऱ्यापासून आरंभ केला. झिजलेला हत्ती धरावा कीं सोडावा, सोंड तेवढी राहिली असेल तर त्याला पुरा हत्ती म्हणावें कीं काय, यावर आमचा वाद झाला. वहिनींचा आंकडा माझ्याहून अकरानें जास्त निघाला. पुन्हां मागें जाऊन मोजावें लागलें. दुसऱ्या भिंतीच्या मध्यावर आलों तेव्हां लक्षांत आलें कीं, अर्धा तास झाला, माझा हात एकदांहि पदराखालीं गेला नव्हता. भीति गेली होती असें नव्हे. ती बाजूला बसून होती. आजचे मनोवैद्य भ्यालेल्या माणसास सांगतात कीं, भोंवतालच्या वस्तु डोळ्यांनीं पाहा, नांवानिशीं मोजा, पायांखालच्या जमिनीचा स्पर्श ओळखा. वहिनींनीं हें कोठें वाचलें नव्हतें.

सभामंडपांतून गाभाऱ्याकडे जावयाचें तें येथें वर चढून नव्हे, खालीं उतरून. वीस-एक पायऱ्या आहेत. पायरीगणिक बाहेरचा गोंगाट कमी होतो व गारवा वाढतो. शिखरास माथा नसल्यामुळें आकाशाचा उजेड सरळ खालीं पिंडीपर्यंत येतो. उतरतांना वहिनींनीं मागें वळून सांगितलें, “शेवटची नको बघूंस, पुढची बघ.” त्या पायरीविषयींच बोलत होत्या.

खालीं बसल्यावर मीं दोन दिवस ओठांवर थांबलेला प्रश्न विचारला. “वाईट निघालें तर?”

“निघालें तर त्याच दिवशीं ठरवूं. कोणत्या इस्पितळांत जायचें, पैसे कसे उभे करायचे, बरोबर कोणीं राहायचें. तुझ्या मुलाचा डबा कोण करील, एवढें मात्र आजच ठरवून टाकूं. तो मी करीन.”

‘कांहीं होणार नाहीं’ असें मला चार दिवसांत अनेकांनीं सांगितलें होतें. परंतु तें कोणालाच ठाऊक नव्हतें, हें मलाहि कळत होतें. वहिनींनीं जें सांगितलें तें त्यांच्या हातांतलें होतें. त्या रात्रीं मला झोंप लागली.

परत निघतांना उत्तरेच्या दाराशीं थांबलों, व भाऊ दाजींच्या अंकाची गोष्ट मीं वहिनींना सांगितली. गांठीच्या परीक्षेचा विचार तेव्हांपासून माझ्या मनांत त्या लेखाशीं जोडला गेला आहे. देवळाचें वय कोणी ऐकीव कथेवरून सांगतो, कोणी बांधणीच्या धाटणीवरून, आणि शेवटीं लेख जवळ जाऊन पुन्हां वाचावा लागतो. डॉक्टरहि हेंच करतात. प्रथम ते हातानें तपासतात. मग सोनोग्राफी, आणि वय साधारण चाळिशीच्या आसपास वा पुढें असेल तर मॅमोग्राफी करून आंतील चित्र पाहतात. आणि त्यांतून शंका उरली तर सुईनें गांठीचा कण काढून तो सूक्ष्मदर्शकाखालीं वाचतात. तिन्हींचा मेळ बसला म्हणजे निदान झालें. एकट्या हाताचा, मग तो आपला असो वा अनुभवी डॉक्टरांचा असो, निवाडा पुरा धरीत नाहींत. तेव्हां रात्रीं दोन वाजतां अंथरुणांत पडून आपणच तो करीत बसण्यांत अर्थ नाहीं. वारंवार दाबल्यानें भाग हुळहुळा होतो, आणि त्या हुळहुळेपणाचीच पुन्हां भीति वाटते.

घरोघर चालणाऱ्या समजुतींबद्दलहि दोन शब्द लिहिले पाहिजेत. स्तनांत लागणाऱ्या गांठींपैकीं बहुतेक कर्करोगाच्या नसतात. तरुण वयांत फायब्रोअॅडिनोमा नांवाची सरकती गांठ पुष्कळ आढळते. चाळिशीच्या सुमारास पाण्याच्या पिशव्या होतात. मासिक पाळीच्या आगेमागें गांठाळपणा वाढतो व ओसरतो. हा दिलासा खरा आहे. परंतु ‘दुखत नाहीं म्हणून कांहीं नाहीं’ हें खरें नाहीं. कर्करोगाची गांठ आरंभीं बहुधा दुखतच नाहीं. ‘सुईनें रोग पसरतो’ हेंहि खरें नाहीं. उलट सुईच्या परीक्षेवांचून योग्य उपचार ठरविणेंच कठीण. लेप लावून महिना घालविणें म्हणजे तो महिना रोगाला देणें होय. कातडीला खळी पडणें, स्तनाग्र आंत ओढलें जाणें, त्यांतून रक्तमिश्रित स्राव येणें, कांखेंत गांठ लागणें, यांपैकीं कांहीं दिसलें तर विलंब मुळींच करूं नये. कोणाचें लग्न, कोणाचें व्रत, कोणाची परीक्षा, या सबबी आपल्या बायका सहज पुढें करतात. गांठ मात्र मुहूर्त पाहत नाहीं.

वेळ ठरल्यानंतरचे दिवस कसे काढावे, यासंबंधीं मला उपयोगी पडलेलें थोडें सांगतें. निदान एका माणसास सर्व सांगावें. आणि तें माणूस सल्ला देणारें नसून ऐकणारें असावें. मनांतले प्रश्न कागदावर लिहावे : गांठ केव्हां लागली, पाळीची तारीख कोणती, आई, मावशी, आत्या यांपैकीं कोणाला हा आजार होता काय, कोणतीं औषधें चालूं आहेत, पुढची तपासणी कोणती व तिचा निकाल केव्हां मिळेल. कागदावर उतरलेली भीति मनांतल्यापेक्षां लहान असते, व डॉक्टरांपुढें गेल्यावर जीभ अडखळली तरी कागद बोलतो. फोनवरचें वाचन रात्रीं बंद ठेवावें. काळजी करूंच नये असें ठरवून ती थांबत नाहीं. त्यापेक्षां तिला दिवसांतली एक वेळ नेमून द्यावी, दुपारची अर्धी घटका म्हणा, आणि बाकीच्या वेळीं ती आली तर ‘दुपारीं ये’ असें सांगावें. रोज चालावें. हाताचें काम सोडूं नये. पण सारें कामच आपल्यावर ओढून स्वतःला शिणवूंहि नये. आणि तपासणीस जातांना बरोबर कोणास तरी न्यावें, कारण घाबरलेल्या माणसाच्या कानांत निम्मेंच शिरतें.

ज्या कल्याणाहून आम्ही त्या दिवशीं गाडींत बसलों, त्याच कल्याणांत आनंदीबाई जोशी वाढल्या; त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजीं झाला. पुरुष डॉक्टरांना शरीर दाखविण्याच्या संकोचानें येथील स्त्रिया दुखणीं अंगावर काढतात, त्यांना स्त्री-डॉक्टर पाहिजेत, हा विचार मनांत धरून ही मुलगी समुद्रापलीकडे गेली, व १८८६ सालीं फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक विद्यालयाची पदवी घेऊन परतली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं क्षयानें त्यांचें निधन झालें, तेव्हां त्यांस बावीस वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं. आज प्रत्येक गांवांत नसल्या तरी प्रत्येक शहरांत डॉक्टरीणबाई आहेत. संकोचाचें कारण गेलें. संकोच मात्र कांहीं घरांत अजून वडिलोपार्जित ठेव्याप्रमाणें जपला जातो.

मुंबईस परळ येथें टाटा मेमोरियल इस्पितळ २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें, आणि आज देशाच्या कानाकोपऱ्यांतून लोक तेथें येतात. त्याच इस्पितळाच्या डॉक्टरांनीं १९९८ सालापासून मुंबईच्या गरीब वस्त्यांतून एक मोठा प्रयोग चालविला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांहून अधिक स्त्रिया त्यांत होत्या. त्यांपैकीं निम्म्या वस्त्यांत शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनीं दर दोन वर्षांनीं केवळ हातानें स्तनांची तपासणी केली. २०२१ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले : तपासलेल्या स्त्रियांत रोग लवकरच्या अवस्थेंत सांपडत होता, आणि पन्नाशीच्या पुढील स्त्रियांत या रोगानें होणारे मृत्यु सुमारें ३० टक्क्यांनीं कमी झाले. पन्नाशीच्या आंत मृत्यूंत तसा फरक दिसला नाहीं, हेंहि त्यांनीं स्पष्ट लिहिलें आहे. मोठीं यंत्रें नसतांना, शिकलेल्या हातांनीं व वेळेवर उचललेल्या पावलांनीं एवढें साधलें, ही गोष्ट आपल्या घरांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

सोमवारीं वहिनी बरोबर आल्या. हाताची तपासणी झाली, चित्रें निघालीं, सुईहि टोंचली. ती रक्त तपासावयास देतांना टोंचतात त्याहून थोडी अधिक लागली, इतकेंच. निकालास आणखी तीन दिवस लागले, म्हणजे हत्ती पुन्हां मोजावे लागले. या वेळीं मनांतल्या मनांत. गांठ साधी निघाली. सहा महिन्यांनीं पुन्हां दाखवावयास सांगितलें. त्याच बांकावर बसलेल्या बदलापूरच्या एका बाईंचा निकाल तसा नव्हता. त्यांच्या सुनेनें प्रश्नांचा कागद घट्ट धरला होता. “लहान असतांच आलों, असें डॉक्टर म्हणाले,” असें त्या मला दोनदां म्हणाल्या. मी सुटलें व त्या सांपडल्या, असें मला वाटत नाहीं. आम्ही दोघीहि वेळेवर आलों होतों, आणि दोघींच्याहि शेजारीं कोणी तरी बसलेलें होतें.

घरांतील वडील माणसांस एवढीच विनंति आहे. सून, लेक, जाऊ किंवा आई यांपैकीं कोणी असें कांहीं सांगितलें, तर ‘कांहीं नाहीं ग’ म्हणून तें झटकूं नये, आणि लगेच डोळे पुसावयासहि लागूं नये. डॉक्टरांची वेळ घ्यावी, बरोबर जावें, आणि मुलाच्या डब्यासारखें एखादें नेमकें काम आपल्याकडे घेऊन तिला तसें सांगावें. आणि अंबरनाथचें देऊळ अजून पाहिलें नसेल तर तेंहि एकदां अवश्य पाहावें. तें साडेनऊशें वर्षें थांबलें आहे, आणखी आठवडाभर थांबेल. आधीं डॉक्टरांकडे जाऊन यावें.